निनाद मांडवगणे कसे गेले, तेही मुलांना सांगा

मा. संचालक,
सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था (एसपीआय),
छत्रपती संभाजीनगर.



आपली संस्था महाराष्ट्र शासनाची, म्हणजे आम्हा सगळ्यांचीच. म्हणून पत्र पाकिटात न घालता सगळ्यांदेखत लिहितो आहे. विनंती येत्या 27 फेब्रुवारीसाठी आहे. त्या तारखेला स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांची आठवण निघेल. ती काढताना ते गेले एवढंच सांगून थांबू नये. ते कसे गेले, कुणाच्या क्षेपणास्त्रानं गेले आणि का, हे अकरावी-बारावीच्या मुलांसमोर उभं राहून स्वच्छ सांगावं.

आपली ओळख नाही, तेव्हा माझ्याविषयी थोडं. मी या शहरात दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. त्यातली काही मुलं दर वर्षी एसपीआयच्या प्रवेश परीक्षेला बसतात. ज्याचा नंबर लागतो त्याच्या घरी पेढे वाटतात, आजी दृष्ट काढते, आणि मग एखाद्या संध्याकाळी त्याचे वडील एकटेच क्लासवर येतात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारतात, "सर, धोका किती असतो हो यात?" सोळा वर्षांच्या मुलाच्या बापाला आकडेवारी देऊन भागत नाही. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: माझ्या पोराला जपून वापरतील ना? शत्रू आहे, लढाई आहे, हे त्यांना कळतं. निष्काळजीपणानं जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं असतं. मांडवगणे यांची हकिगत या प्रश्नाला थेट जाऊन भिडते.

मुलगा नाशिकचा. भोसला सैनिकी शाळेतून अकरावीसाठी तो आपल्याकडे आला आणि पुढं अभियांत्रिकीचं शिक्षण घेऊन 2009 साली हवाई दलात दाखल झाला. हेलिकॉप्टर वैमानिक झाला. गुवाहाटी, गोरखपूर अशा नेमणुका करून 2019 च्या सुरुवातीला श्रीनगरला बदलून गेला, तिथं जेमतेम महिनाभर झाला होता. वय 33. घरी आईवडील, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी.

तो महिना कसा होता ते आठवून पाहा. 14 फेब्रुवारीला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. त्यांत दोघं आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले. 26 च्या पहाटे आपल्या मिराज विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. 27 च्या सकाळी पाकिस्तानी विमानं नियंत्रण रेषेकडं झेपावली, आपली लढाऊ विमानं वर गेली, काश्मीरच्या आभाळात दोन्ही बाजूंची विमानं एकमेकांच्या मागावर होती. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, पण श्रीनगरच्या तळावर त्या घडीला युद्धच चालू होतं.

त्याच सकाळी श्रीनगरहून एमआय-17 व्ही-5 जातीचं एक हेलिकॉप्टर उडालं. वैमानिक स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ आणि स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. सोबत कुमार पांडे, सार्जंट विक्रांत सेहरावत, कॉर्पोरल दीपक पांडे, कॉर्पोरल पंकज कुमार. दहा वाजून गेल्यावर काही मिनिटांतच ते बडगाम जिल्ह्यातल्या गरेंद कलान गावाजवळ कोसळलं. सहाही जण गेले. जमिनीवर असलेला त्या गावातला एक तरुणही गेला. आपल्याकडच्या श्रद्धांजलीच्या फलकांवर सहाच नावं असतात. सातवा माणूसही त्याच क्षेपणास्त्रानं गेला, हे मुलांना सांगताना गाळू नये.

पहिल्या दिवशी बातमी एवढीच होती की हेलिकॉप्टर कोसळलं. कुणी तांत्रिक बिघाड म्हणालं. तसंही देशाचं लक्ष दुसरीकडं होतं. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात होते आणि घराघरांत टीव्ही त्यांच्यासाठी लागलेले होते. शुक्रवारी, 1 मार्चला, नाशिकमध्ये गोदाकाठी लष्करी इतमामात मांडवगणे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. नाशिककरांनी अलोट गर्दी केली. त्याच रात्री अभिनंदन वाघा सीमेवरून चालत परत आले. त्या वैमानिकाचं कौतुक झालं ते योग्यच झालं. पण एका दिवसात एवढं मोठं सुख आणि एवढं मोठं दुःख बातम्यांत मावत नाही. सुखानं जागा घेतली आणि बडगामचं हेलिकॉप्टर खालच्या पट्टीत सरकत गेलं.

मधे लोकसभेची निवडणूक होऊन गेली. दबक्या आवाजात येत असलेली गोष्ट 4 ऑक्टोबर 2019 रोजी उघड झाली. हवाई दल दिनाआधीच्या वार्षिक पत्रकार परिषदेत तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी सांगितलं की चौकशी पूर्ण झाली आहे, आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं हेलिकॉप्टर पाडलं, ही मोठी चूक होती, ती आम्ही मान्य करतो आणि पुन्हा होऊ नये याची काळजी घेऊ. क्षेपणास्त्र श्रीनगर तळाच्याच हवाई संरक्षणाचं होतं, इस्रायली बनावटीच्या स्पायडर यंत्रणेतलं.

भदौरियांनी हे पद स्वीकारून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. सरकारी भाषेत गोष्ट गुंडाळून ठेवायचे शंभर मार्ग असतात आणि त्यातला कुठलाही त्यांना मोकळा होता. ते वाक्य उच्चारायला जे धैर्य लागलं असेल, ते आपल्या संस्थेतल्या मुलांनी अभ्यासावं इतक्या तोलामोलाचं आहे, असं माझं मत आहे. अर्थात हेही खरं, की चौकशीचा अहवाल आपल्यापुढं आलेला नाही. जे कळलं ते वृत्तपत्रांतून. हेलिकॉप्टरमधली ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती, तळावरच्या मंडळींत आणि हेलिकॉप्टरच्या चालकांत संपर्काचा गोंधळ होता, आणि आभाळात लढाई पेटलेली असताना हेलिकॉप्टरला सुरक्षित दिशेला पाठवण्याऐवजी परत बोलावलं गेलं, असं छापून आलं. पुढं कोर्ट मार्शल झालं. 2023 मध्ये एका ग्रुप कॅप्टनच्या बडतर्फीची शिफारस झाल्याची बातमी आली, प्रकरण न्यायालयातही गेलं. एवढ्यावर आपल्यासारख्यांची माहिती संपते.

ही ओळख यंत्रणा काय असते, ते मी माझ्या क्लासमध्ये सांगून पाहिलं आहे. मुलं कान टवकारून ऐकतात. तिला आयएफएफ म्हणतात. रात्री रानात राखणीला बसलेला माणूस बांधावर चाहूल लागली की "कोण हाय?" अशी हाळी देतो आणि ओळखीचा आवाज आला की काठी खाली ठेवतो. तसंच हे. जमिनीवरचं यंत्र आभाळातल्या ठिपक्याला रेडिओलहरींतून सवाल टाकतं, विमानातलं यंत्र ठरलेल्या सांकेतिक आकड्यांत जवाब देतं. जवाब बरोबर आला तर आपला. मेख अशी, की जवाब नाही आला म्हणजे तो शत्रू, असं सिद्ध होत नाही. यंत्र बंद असेल, बिघडलं असेल, आकडे कालचे असतील. या "नाही" आणि "शत्रू" यांच्यामधल्या जागेत माणसाला डोकं वापरावं लागतं, तेही सेकंदांच्या हिशेबात. गणिताच्या मास्तराला हे फार भावतं, कारण आमची मुलं परीक्षेत नेमकी हीच चूक करतात: एखादी गोष्ट सिद्ध झाली नाही, म्हणजे तिच्या उलट गोष्ट सिद्ध झाली, असं धरून चालतात.

आपलंच विमान आपणच पाडणं हे फक्त आपल्याच हवाई दलाच्या वाट्याला आलं असंही नाही. ब्रिटननं 3 सप्टेंबर 1939 ला युद्ध पुकारलं आणि तिसऱ्याच दिवशी, 6 तारखेच्या सकाळी, लंडनच्या पूर्वेला खोटा इशारा वाजला. नॉर्थ वील्डच्या तळावरून हरिकेन विमानं उडाली. हॉर्नचर्चच्या तळावरून उडालेल्या स्पिटफायर विमानांना ती शत्रूची वाटली. दोन हरिकेन पडली. एकातला वैमानिक वाचला, दुसऱ्यातला पायलट ऑफिसर माँटेग्यू हल्टन-हॅरॉप गेला. वय 26. त्या महायुद्धात ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक पडला तो असा, स्वतःच्याच हवाई दलाच्या गोळ्यांनी. गोळ्या झाडणाऱ्या दोन वैमानिकांवर बंद दाराआड कोर्ट मार्शल झालं आणि दोघंही निर्दोष सुटले. पण त्या सकाळनं रडारवरच्या ठिपक्यांवर किती भरवसा टाकायचा, हुकूम कुणी कुणाला द्यायचा आणि विमानांना ओळखीची यंत्रं किती तातडीनं बसवायची, याचा फेरविचार करायला लावला. पुढच्याच उन्हाळ्यात जर्मनीशी खरी हवाई लढाई जुंपली. फेरविचार उशिरा झाला असता तर हल्टन-हॅरॉपसारखे आणखी किती गेले असते, कोण जाणे.

2003 साली इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्रानं तळावर परतणारं ब्रिटिश टोर्नॅडो विमान पाडलं, आतले दोघंही गेले. तिथंही ओळख यंत्रणेचा घोळ होता. ब्रिटिश संरक्षण खात्यानं पुढच्याच वर्षी चौकशीचे निष्कर्ष लोकांसाठी प्रसिद्ध केले. युद्ध तेव्हा संपलेलंही नव्हतं.

सगळ्यांत जास्त शिकवून जाणारं उदाहरण मात्र 14 एप्रिल 1994 चं आहे. उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन एफ-15 विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. 26 माणसं गेली. आभाळ स्वच्छ होतं, लढाई चालू नव्हती, टेहळणीचं अवॅक्स विमान वर घिरट्या घालत होतं. एवढं असूनही हे झालं. स्कॉट स्नूक नावाच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यानं या घटनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याला स्वतःला 1983 मध्ये ग्रेनाडात आपल्याच बाजूच्या माऱ्यात जखमा झाल्या होत्या, म्हणजे विषय त्याच्या अंगावर उमटलेला होता. त्याला एकही खलनायक सापडला नाही. सापडली ती रोजची सवलत. नियम कागदावर कडक होता, पण रोजच्या कामात प्रत्येक तुकडीनं आपापल्या सोयीनं तो थोडा सैल केला. वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही, म्हणून सैल तेच नियमित झालं. मग एका सकाळी सगळ्यांची सैल बाजू एकाच वेळी एकत्र आली.

आपण संस्थेचे प्रमुख आहात. मुलांच्या बुटांची लेस, पलंगावरची चादर, मेसमध्ये पोचायची वेळ यांवर आपण का अडून बसता, ते बाहेरच्यांना कधी कधी कळत नाही. पालकही कुरकुर करतात. मला वाटतं, त्या सगळ्या शिस्तीचं याहून चांगलं उत्तर दुसरं नाही. "आज चालतंय" असं म्हणत सोडून दिलेली एक गोष्ट दहा वर्षांनी कुठल्या तळावर कुणाच्या जिवावर बेतेल, हे मुलांना बडगाम दाखवून सांगता येतं.

मी हे सारं का लिहितो आहे, त्याच्या मुळाशी येतो. आपल्याकडं शूराची आठवण काढायची एक ठरलेली पद्धत आहे. फ्लेक्स लागतो, हार चढतो, देशभक्तिपर गाणी लागतात, पाहुणे येतात. पाहुण्यांना नंतर दुसरीकडं जायचं असतं. निनाद मांडवगणे यांना मुलं त्या पद्धतीनं ओळखतील तर फक्त वैमानिकाच्या जागी स्वतःला बसवून पाहतील. सोळाव्या वर्षी सगळ्यांना वैमानिकच व्हायचं असतं, ते स्वाभाविक आहे. पण दर वर्षी आपल्याकडं जी साठ मुलं येतात, त्यांतली काही जमिनीवरच्या खोलीत बसणार आहेत. रडारच्या पडद्यापुढं, क्षेपणास्त्राच्या कळीपुढं, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या टेबलापुढं. एकाच तुकडीतला एक मित्र हेलिकॉप्टरमध्ये आणि दुसरा त्या कळीपाशी असू शकतो. मांडवगणे यांच्या मृत्यूची हकिगत त्या दुसऱ्या मुलासाठी जास्त गरजेची आहे. ती त्याला फ्लेक्सवरून मिळणार नाही.

यानं मुलांचं मनोधैर्य खचेल, असं कुणी म्हणेल. मुलं इतकी कच्ची नसतात. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. मांडवगणे हे नाव टाकलं की पहिल्याच पानावर सगळं समोर येतं. मुलाला ते इंटरनेटवरून कळलं आणि संस्थेत त्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, तर तो एक गोष्ट पक्की शिकेल: चूक झाली की इथं बोलायचं नसतं. गणवेशातल्या माणसाला याहून घातक धडा दुसरा नाही. आपल्या ओळख यंत्रात बिघाड आहे, हा आदेश मला कळला नाही, हा ठिपका आपला असू शकतो, असं वरिष्ठाला वेळेवर सांगायला जीभ सुटली पाहिजे. ती सुटायची सवय इथंच लागते.

जाता जाता मराठवाड्याची एक जुनी गोष्ट सांगतो, राहवत नाही म्हणून. 1918 साली पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला हैदराबादच्या निजामानं ब्रिटिश हवाई दलाच्या 110 क्रमांकाच्या तुकडीला अख्ख्या ताफ्याची बॉम्बफेकी विमानं भेट दिली. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात, तेव्हा त्या विमानांत इथल्या शेतसाऱ्याचाही पैसा असणार. प्रत्येक विमानावर निजामाची भेट असल्याचं लिहिलेलं होतं. तुकडीला त्यावरून हैदराबादचं नावही मिळालं. जर्मनीवर झेपावलेल्या त्या विमानांतली कितीतरी परत आली नाहीत. देणाऱ्याचं नाव रंगवलेलं होतं, आत बसलेल्या पोरांची नावं इथं आज कुणाला ठाऊक आहेत? एवढ्या वर्षांत आपली सवय फारशी बदललेली नाही. कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव अजूनही मोठ्या अक्षरात असतं.

2025 च्या मे महिन्यात पुन्हा चार दिवस पश्चिम सीमेवर ड्रोन, क्षेपणास्त्रं आणि आपली हवाई संरक्षण यंत्रणा यांचा खेळ चालला. उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ बंद ठेवावे लागले. आभाळातली गर्दी आता कमी होणारी नाही. आपलं कोण आणि परकं कोण हे सेकंदांत ठरवायचं काम वाढत जाणार, आणि ते करणारी काही मुलं आज आपल्या वसतिगृहात झोपलेली आहेत.

तेव्हा 27 फेब्रुवारीला काय करता येईल ते सुचवतो, आपल्याला त्यातलं जे योग्य वाटेल ते घ्यावं. निवृत्त झालेला एखादा हवाई संरक्षण अधिकारी किंवा हवाई वाहतूक नियंत्रक बोलवावा आणि त्याला भाषण न करता एक तास शिकवायला सांगावं. फळ्यावर त्या सकाळचा क्रम लिहावा: कोण कुठं होतं, कुणाला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं. भदौरियांनी त्या पत्रकार परिषदेत जे कबूल केलं ते मुलांना वाचून दाखवावं. सहा जणांची नावं हुद्द्यांसह घ्यावीत आणि गरेंद कलानच्या त्या तरुणाचाही उल्लेख व्हावा. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, अवघड प्रश्नसुद्धा. हार घालायला कुणाला बोलवायचं असेल तर ते नंतर पंधरा मिनिटांत उरकता येईल.

आणि शक्य असेल तर त्या तासाला पालकांनाही बसू द्यावं. पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे वडील मी घेऊन येईन. "धोका किती?" याचं उत्तर मी त्यांना आजवर नीट देऊ शकलेलो नाही, ते त्यांना आपल्या सभागृहात मिळावं. तारीख आणि वेळ कळवावी, मागच्या रांगेतही चालेल.

कळावे,
आपला,
दहावीच्या मुलांचा एक गणित शिक्षक,
छत्रपती संभाजीनगर